देवाकडे पाठ करून दिलेला पेपर

आमच्या घराण्यात पोर नीट चालायला लागलं की लगेच त्याला उलटं चालायला शिकवतात. गाभाऱ्यातून बाहेर येताना तोंड देवाकडे ठेवायचं आणि टाचेनं उंबरा चाचपत मागच्या मागे यायचं. देवाला पाठ दाखवायची नाही. लहानपणी मी त्या उंबऱ्याला अडखळून पडलो होतो, कपाळाला खोक पडली, त्याची खूण अजून आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला उचललं आणि रक्त गळत असतानाही मला घेऊन उलटंच बाहेर आले, असं आई सांगते. आई हे कौतुकानं सांगते. मला आजतागायत त्यात कौतुक दिसलेलं नाही.

वळसंगच्या पुढं आत वळलं की आमचं गाव. गावात महादेवाचं जुनं देऊळ, आणि त्याची पूजा आमच्या घराण्याकडे. एक महिना आमची पाळी, एक महिना चुलत्यांची. सोलापुरात कॉलेजात असताना "माझी पाळी आहे, महिनाभर येणार नाही" असं म्हटलं की मित्र फिदीफिदी हसायचे. हसा लेको! पाळीच्या महिन्यात देवळाची वेस ओलांडायची नाही. घरी जायचं नाही, दाढी करायची नाही, पायात चप्पल घालायची नाही, झोपायचं ते ओवरीत. घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. आईनं आमटीला फोडणी दिली की मला इथं वास यायचा, पण जेवण डब्यातून, आणि तेही थंड झाल्यावर.

आप्पांचे गुडघे गेले तेव्हापासून ही पाळी माझ्याकडे आली. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. एका सोमवारी ते पूजेला बसले आणि त्यांना उठता येईना. मी हात दिला, आणि तो हात जो अडकला तो अडकलाच. कॉलेज सुटलं. सोलापुरात कॉम्प्युटरच्या दुकानात काम धरलं, तर एक महिना हजर आणि एक महिना गायब असल्या माणसाला कोण ठेवून घेणार? मालक चांगला होता, दोनदा वाट बघितली त्यानं. लग्नाचं तर विचारूच नका. मुलीकडचे चहा पिऊन झाल्यावर हळूच विचारायचे, "म्हणजे निम्मं वर्ष मुलगा देवळातच झोपतो म्हणता?" आप्पा अभिमानानं "व्हय की" म्हणायचे, आणि तिथंच ते स्थळ संपायचं.

पाळी मोडता येत नाही का? येते. पण एकदा मोडली की हक्क गेला, असा दंडक. मग बारा महिने चुलत्यांचे. चुलत्यांचं त्यावर बारीक लक्ष असतं. मी ओवरीच्या पायरीवर उभा राहून रस्त्याकडे बघत असलो तरी ते लांबून बघायचे की पाय आत आहे का बाहेर.

म्हणून मी एका विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं. मोबाईलचा टॉवर देवळाच्या मागच्याच शेतात आहे, त्यामुळे गावात कुठं नसेल तेवढी रेंज महादेवाला. सकाळची पूजा आटोपली की ओवरीच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडायचा आणि कानात इअरफोनच्या गोळ्या घालून लेक्चर ऐकायचं. आप्पांना मी सरळ सांगितलं होतं की पदवी मिळाली तर मी पुण्याला नोकरी बघणार. ते खांबाला टेकून शेंगा फोडत होते. म्हणाले, "शिक की. तुला कोण नको म्हणतंय? पाळी सांभाळून काय बी शिक."

हे असं. नको म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

बाकीचे सगळे विषय सुटले. अडकला तो एकच, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग. त्यात मी दोनदा गचकलो. शिकवणारे सर गोड आवाजाचे होते. "आपल्या आजूबाजूला पाहा, सगळ्या ऑब्जेक्टच आहेत," असं ते दर लेक्चरला म्हणायचे, आणि मग कार नाहीतर कुत्रा घ्यायचे. क्लास म्हणजे नुसता साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेली खरी वस्तू. कुत्र्याचा क्लास लिहिला म्हणून कुत्रं तयार होत नाही, ते वेगळं तयार करावं लागतं. हे डोक्यात शिरायला मला एक आख्खी पाळी लागली. मी आजूबाजूला बघायचो तर घंटा, नंदी, समई आणि झोपलेलं एक म्हातारं. मग मी समईचाच क्लास लिहिला. तेल किती, वाती किती, पेटवायची कशी, विझवायची कशी. चालवला तर एरर. साचा केला होता, पण समई करायची राहिलीच होती. आयला, मीच हसलो.

मग आलं इन्हेरिटन्स. पोराच्या क्लासनं फक्त एवढंच लिहायचं की मी अमक्या क्लासचा, की बापाचं सगळं वागणं त्याला फुकटात मिळतं. ते नको असेल तर पोरगा त्याच नावानं आपलं वेगळं वागणं लिहू शकतो. इथवर मी खूश होतो. पुढच्या लेक्चरला सर म्हणाले, पण बापानं एखाद्या वागण्याआधी फायनल हा शब्द लिहून ठेवला असेल, तर पोराला ते बदलता येत नाही. बदलायला गेलात तर प्रोग्राम चालणारच नाही. असले धडे घ्यायला मला विद्यापीठ कशाला पाहिजे होतं? मी लॅपटॉप मिटला आणि चिंच घेऊन घंटा घासत बसलो.

पण सोडूनही चालणार नव्हतं. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीनं माझी मुलाखत घेऊन ठेवली होती. काम त्यांना आवडलं होतं. राहिलेला पेपर सुटला की या, असं त्यांनी सांगितलं होतं. विद्यापीठाचा नियम असा की तिसऱ्या खेपेला नापास झालं की नाव कमी. मग सगळं पहिल्यापासून. मी तिशी ओलांडलेला माणूस, पहिल्यापासून करायला मला दुसरा जन्म घ्यावा लागला असता.

परीक्षेची तारीख आपण निवडायची नसते. ती नेमकी आली आमच्या पाळीच्या महिन्यात, आणि त्यातही सोमवारी.

पेपर घरूनच द्यायचा, पण कॅमेरा सुरू ठेवून. तुम्ही खोलीत एकटे पाहिजेत. दुसरं कुणी दिसलं की ताकीद, तुम्ही जागेवरून हललात की ताकीद, तिसऱ्या ताकिदीला पेपर बंद. आता मी घरी जाऊ शकत नव्हतो. ओवरीत दुपारी निम्मं गाव आडवं झालेलं असतं. एकटं बसायला जागा एकच होती, ती म्हणजे गाभारा आणि मंडप यांच्यामधली चिंचोळी बोळकंडी. तिथं पुजाऱ्याशिवाय कुणी येत नाही. दुपारचा नैवेद्य झाला की मंडपाच्या बाजूचं दार लावतात, ते चार वाजता उघडतात. मधल्या वेळात देव झोपतो. माझा पेपर दोन ते चार. मला वाटलं, चला, देवानंच सोय केली.

त्या दिवशी हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, नैवेद्य होता. तो दाखवला, दार लावलं, पाटावर लॅपटॉप ठेवला. आप्पा बाहेर मंडपात खांबाला टेकून बसले, कुणी आलं तर परत लावायला. आता प्रश्न होता बसायचं कसं. देवाकडे तोंड करून बसलो तर कॅमेऱ्यात माझ्यामागं दाराच्या फटी येत होत्या आणि फटीतून आप्पांचं डोकं. म्हणून मी फिरून बसलो. तोंड दाराकडे, पाठ देवाकडे. जन्मात पहिल्यांदा. अंगावर काटा आला. म्हटलं, देवा, दोनच तास, सांभाळून घे.

सुरुवातीला चारी बाजू कॅमेऱ्यात दाखवायच्या होत्या. तीन दाखवल्या. चौथी गाभाऱ्याची, तिथं 'फोटो काढण्यास सक्त मनाई' अशी पाटी, आणि ती पाटी आप्पांनी स्वतः रंगवलेली. मी ती बाजू सोडून दिली. प्रोग्रामनं काही कुरकुर केली नाही. मग त्यानं विचारलं, 'खोलीत आपण एकटेच आहात का?' मी 'हो' वर टिक केली.

पहिला प्रश्न लिहून झाला आणि पडद्यावर लाल पट्टी आली. 'एकापेक्षा अधिक व्यक्ती दिसत आहेत. पहिली ताकीद.' मी चमकलो. दार तर बंद होतं. बाहेरून आप्पांचा आवाज येत होता. अक्कलकोटकडची कुणी म्हातारी दर्शनाला आली होती, तिला ते कन्नडमध्ये सांगत होते, "देवरु मलग्यार." देव झोपलेत. ती म्हातारी म्हणे मग बसते. तेवढ्यात दुसरी लाल पट्टी. दुसरी ताकीद!

तेव्हा मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकटीत नीट बघितलं. त्यात माझा चेहरा होता, आणि माझ्या डाव्या खांद्यावरून अजून एक चेहरा बघत होता. मोठे डोळे, झुपकेदार मिशा, दोन्ही चेहऱ्यांभोवती हिरवा चौकोन.

सोमवार होता की! सोमवारी पिंडीवर पितळी मुखवटा चढवतात. मी स्वतःच तो पहाटे चिंचेनं लखलखीत घासून चढवला होता. वर्षानुवर्षं मी तो बघत आलो आणि मला तो दिसलाच नाही. बाहेर आप्पा लोकांना सांगत होते की देव झोपलेत, आणि आत कॉम्प्युटर सांगत होता की एक जण टक्क जागा आहे.

मला घाम फुटला. उठून गाभाऱ्याच्या दाराचा पडदा ओढावा तर जागा सोडल्याची तिसरी ताकीद. लॅपटॉप फिरवावा तर आप्पांचं डोकं. करणार काय? मी इंच इंच डावीकडे सरकलो, मान ताठ केली, आणि माझ्या डोक्यामागं देवाचा मुखवटा पूर्ण झाकला. दुसरा चौकोन गेला. मग उरलेला सगळा पेपर मी तसाच लिहिला. मान हलवायची नाही, पाय बदलायचा नाही, खाली बघून बोटं कुठं पडतात तेही बघायचं नाही. घाम डोळ्यांत गेला तरी पुसला नाही. देऊळ आधीच मला महिनाभर बांधून घालत होतं, आता त्याच्या आत अजून एक पिंजरा, माझ्या डोक्याच्या मापाचा. त्या क्षणी मला सगळ्यांचा संताप आला. आप्पांचा, चुलत्यांचा, त्या गोड आवाजाच्या सरांचा, आणि मागं बसलेल्याचा तर सगळ्यात जास्त. मी मनात म्हटलं, तुला एक दुपार डोळे मिटता येत नाहीत होय रे?

पेपर पुरा झाला. मान मात्र पुढे दोन दिवस वळत नव्हती.

निकाल काही आला नाही. त्याऐवजी विद्यापीठाकडून मेल आला. परीक्षेच्या वेळी दुसरी व्यक्ती आढळली आहे, व्हिडिओवर चौकशी होईल, परीक्षेची जागा जशीच्या तशी दाखवावी, अन्यथा पेपर रद्द. चौकशी पुढच्या सोमवारी. मी कपाळाला हात लावला. दाखवायचं म्हणजे मुखवटा दाखवायचा, आणि तो दाखवायचा म्हणजे कॅमेरा गाभाऱ्यात न्यायचा. कुणाच्या बापाला विचारून? माझ्याच.

शेवटी सांगितलं. सगळंच सांगावं लागलं. आप्पा खांबाला टेकूनच होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पाठ करून बसलास?"

"व्हय."

"दोन तास?"

"व्हय आप्पा."

मला वाटलं आता सुरू होतील. मग म्हणाले, "आन् एकटाच हाय म्हणून लिवलंस? मग मागं बसला व्हता त्यो कोण?"

आमच्या घरात देव उठतो, आंघोळ करतो, जेवतो, झोपतो. थंडीत त्याला घोंगडं घालतो आम्ही. बाकी कुणी 'एकटा' लिहिलं असतं तर चाललं असतं. मी आप्पांकडे बघितलं आणि खाली मान घातली. ते उठून घरी गेले, जाताना नेहमीसारखं 'येतो' म्हटलं नाही.

सोमवारी चौकशीच्या वेळेला मी बोळकंडीत बसलो. मी ठरवलं होतं की मुखवटा दाखवायचा नाही, तोंडी सांगायचं, मान्य केलं तर केलं. कॅमेऱ्यात एक मॅडम आल्या. चष्मा, मागं कपाटं. म्हणाल्या, "दुसरी व्यक्ती जिथं दिसली ती बाजू दाखवा."

"मॅडम, तिथं कॅमेऱ्याला परवानगी नाही. ती व्यक्ती म्हणजे... ती व्यक्ती नाहीच. ती देवाची मूर्ती आहे."

"असं बरेच जण काहीही सांगतात. दाखवता येत नसेल तर मला तसं नोंदवावं लागेल."

"नोंदवा," असं मी म्हणणार होतो. खरं सांगतो, तोंडात आलं होतं. सुटलं तर सुटलं, कटकट गेली. तेवढ्यात मंडपाकडचं दार वाजलं आणि आप्पा आत आले. आंघोळ करून, सोवळं नेसून, कपाळाला भस्म. गुडघे गेल्यापासून ते त्या दाराच्या आत आले नव्हते. एका हातानं भिंत धरत आले आणि मला म्हणाले, "आण हिकडं."

"काय?"

"त्यो डबा तुझा. आण."

माझ्या लॅपटॉपला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. सोवळ्यात तर सोडाच. त्यांनी तो दोन्ही हातांवर घेतला, नैवेद्याचं ताट घेतात तसा. आता भिंत धरायला हात राहिला नाही. तो उंच उंबरा त्यांनी कसा ओलांडला ते त्यांनाच माहीत, मला फक्त दात करकरल्याचा आवाज आला. स्वतः रंगवलेल्या पाटीखालून ते आत गेले आणि पिंडीसमोर उभे राहिले.

"दिसतंय का बाई? हे आमचं दैवत. सोमवारचं ह्याला मुखवटा आसतो."

मॅडमचा आवाज एकदम हळू झाला. "दिसलं. आणि तुम्ही कोण?"

"मी ह्या पोराचा बाप. पेपरच्या टायमाला हा देव आत व्हता, मी भाईर व्हतो. दोघांनीबी पोराला कायी सांगितलं न्हाय. आमाला दोघांनाबी त्यातलं कायी येत न्हाय. देवाम्होरं हुबा राहून खोटं बोलत न्हाय मी." थांबले. मग म्हणाले, "पास करा त्याला बाई. त्याला जायाचं हाय."

मी बोळकंडीत उभा होतो. इतक्या वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. मीसुद्धा 'नोकरी बघणार' म्हणालो होतो, 'जाणार' असं कधी म्हटलं नव्हतं.

"मी तसं नोंदवते," मॅडम म्हणाल्या, आणि वर "नमस्कार" असंही म्हणाल्या. कुणाला ते कळलं नाही, कारण लॅपटॉपचा पडदा देवाकडे होता आणि लॅपटॉप आप्पांच्या हातात. आप्पा उलटे बाहेर आले. टाच उंबऱ्याला लागली तेव्हा मी मागून त्यांच्या पाठीला हात लावून धरलं.

पास झालो. ते सांगण्यात काही मजा नाही. कंपनीनं तारीख कळवली. तोवर पाळी संपून चुलत्यांचा महिना सुरू झाला होता, म्हणजे मी जायला मोकळा होतो, आणि पुढच्या महिन्याचं काय हे कुणीच बोलत नव्हतं. आई पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या भरत राहिली. मीच शेवटी काढलं. "आप्पा, पुढल्या पाळीचं?"

"माझी मी बघतो की."

"गुडघं?"

"गुडघं माझं हायत. तुला कशाला पंचाईत?"

आडवे आले असते तर बरं झालं असतं हो! दोन शिव्या घातल्या असत्या, दार आपटलं असतं आणि तरातरा निघालो असतो. पण ज्या माणसानं माझ्यासाठी दार उघडलं त्याच्या तावडीतून सुटायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

निघायच्या दिवशी देवाच्या पाया पडलो, उलटा चालत बाहेर आलो. आप्पा देवळाच्या पायरीवर बसले होते. त्यांच्या पाया पडलो. उठलो, बॅग घेतली आणि निघालो. जरा पुढं गेल्यावर ते ओरडले, "आरं, पडशील की!"

मी बघितलं तर मी उलटाच चालत होतो. तोंड त्यांच्याकडे, पाठ रस्त्याकडे.

"मी काय देव न्हाय," आप्पा म्हणाले. "पाठ कर आन् नीट म्होरं बघून चाल."

मी पाठ केली. फाट्यापर्यंत एकदाही वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर एसटी चुकली असती, आणि ती चुकावी असंच मला सारखं वाटत होतं.